टाके निघेपर्यंत गॅलरीत

३ मार्च
नमू हॉस्पिटलमधून घरी आली. डावा स्तन काढला. आजार निघाला, जीव वाचला. संकल्प: नवरा कसा असावा हे अख्ख्या डिलाईल रोडला दाखवून द्यायचं. खोली एवढीशी, झोपेत माझा हात लागायचा. म्हणून टाके निघेपर्यंत माझी गादी गॅलरीत.

४ मार्च
आमच्या चाळीत खोली जोडप्याला, गॅलरी सड्याफटिंगांना. शेजारचे भिवाकाका बायको गेल्यापासून बाहेरच झोपतात. मी मात्र बायको असून बाहेर. याला त्याग म्हणतात. लोक बघतायत. रिस्पेक्ट वाढलाय.

१९ मार्च
टाके निघाले. व्रणावर रोज खोबरेल चोळायचं, नवऱ्याने चोळलं तर उत्तम, असं डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. करशील ना, नमूने विचारलं. म्हटलं, अवश्य. उद्यापासून.

२० मार्च
ऑफिसात ऑडिट. उद्या नक्की.

२७ मार्च
महागातलं खोबरेल आणलं, मोठी बाटली. लावते तिची बहीण, कांताताई. बाईचं बाईला कळतं. नमू म्हणाली, एकदा बघ तरी. म्हटलं, ट्यूब मिणमिणतेय, नवी लावली की निवांत बघतो. तिला संकोच वाटू नये म्हणूनच मी बघत नाही. तिला हे कळत असणार.

१४ एप्रिल
जयंती. नमू पांढरी साडी नेसली. ब्लाउज एका बाजूला सैल. कशी दिसते, तिने विचारलं. मी काठाचं कौतुक केलं. तिने पदर सैल बाजूवर ओढून घेतला. खूश झाली असावी.

२ मे
ट्यूब आणली. स्टार्टर राहिला.

११ मे
कांताताई घोडपदेवला आपल्या घरी गेली. आता तेल मीच.

१२ मे
नमू स्वतःच लावते. हात वर जायला लागलाय. ग्रेट प्रोग्रेस.

२० मे
भिवाकाकांनी वाऱ्याची जागा मला दिली. म्हणाले, तू आता आमच्यातलाच. चेष्टा करतात. हसलो. जरा उशिरा.

२३ मे
बुद्धपौर्णिमा. मुहूर्त नको, निश्चय हवा. गादी आत नेली, नवी ट्यूब लावली. नमू कपडे बदलत होती. सवयीने पाठ फिरवली. ती म्हणाली, राहू दे. तू असलास काय नि नसलास काय, मला आता काही वाटत नाही. रागावलेली नव्हती. साडीची घडी घालत होती.

मग बघितलं. एक आडवी रेघ. न बघवण्यासारखं काहीच नव्हतं. तेल लावू का, विचारलं. म्हणाली, बाटली कधीच संपली.

गादी उचलली. बाहेर भिवाकाकांनी काही न विचारता आपली पथारी सरकवली.