ड्रममधलं पाणी ओतू नका

अहो,

ड्रम ओतू नका, आईंनाही ओतू देऊ नका. उदगीरचा वेगळा जिल्हा होईल तेव्हा होईल, पण टँकर पुन्हा कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

परवा पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आलेल्या माणसानं आपल्या पाण्यात करंट सोडून जो तपकिरी गाळ दाखवला, तो पाण्यातला नव्हताच. त्याच्या कांड्या लोखंडाच्या होत्या. करंट गेला की धन कांडीचं लोखंड विरघळतं, त्याचाच गंज होतो. त्याच्या मशीनच्या पाण्यात क्षार नव्हते म्हणून करंट गेला नाही, गाळही निघाला नाही. आज आला तर त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तसाच गाळ निघेल. हे मी बारावीला शिकलेय. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, डोळ्यानं दिसलं की. अजून काय पायजे?"

काल मी दिवसभर दुकानात होते. आपल्या गौराला जुलाब होत होते, तरी त्या गाळाला भिऊन आईंनी लेकराला पाण्याचा थेंब दिला नाही. जुलाब थांबेनात, रडताना डोळ्यांत पाणी येईना. आईंना बोलू नका, लई जीव आहे त्यांचा तिच्यावर.

तिला दवाखान्यात नेतेय. ड्रममधलंच पाणी उकळून, मीठ-साखर घालून बाटलीत घेतलंय. रिक्षात चमच्या-चमच्यानं तेच पाजणार आहे.

महानंदा