पाऊल पुढे टाकण्याचा तास

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं मला अजून जमतं, तुझी कंबर कशी आहे? आईला उचलताना गुडघ्यात वाकावं, हे मी मागेच सांगितलं होतं. ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती.) फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून हे पत्र.

सध्या समाजकार्याच्या मुलांना सत्ता शिकवतोय. म्हणजे कोणाचं चालतं, कोणाला चालवून घ्यावं लागतं, आणि ज्याला आयतं मिळतं त्याला ते आयतं का वाटत नाही. विषय जड, म्हणून खेळ घेतला. सगळ्यांनी मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि विचारलेली सोय ज्याला मिळाली त्याने एक पाऊल पुढे यायचं. मुलं म्हणाली, सर, तुम्हीपण या. मी खुशाल गेलो. (आपलं लहानपण तुला ठाऊक आहे. मागे राहण्यात मला कोण हरवणार, असा माझा अंदाज.) प्रश्न मुलांनीच विचारायला घेतले. ताट आयतं समोर येतं? मी पुढे. बोलताना कोणी तोडत नाही? मी पुढे, आणि हा मुद्दा जरा विस्ताराने समजावलाही. कोणी तोडलं नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, घरातल्या आजारी माणसाचं दुसरं कोणी करतं, म्हणून तुम्हाला इथे येता येतं का? ती स्वतः जागची हलली नाही. मी पाऊल टाकलं आणि नाक फळ्याला टेकलं. वळून पाहिलं तर सगळा वर्ग लांब उभा, आणि माझ्या नाकाला खडू लागलेला असून कोणी हसत नव्हतं. ताई, तेव्हा तू आठवलीस. खोटं कशाला सांगू. आईचं सगळं तू एकटीने काढतेस आणि मी वर्गात समतेवर बोलतो, हे काही बरं नाही. ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात आईला मी माझ्याकडे आणणार, हे नक्की समज.

तुझा,
धाकटा

ता. क. : हा खेळ फार गाजला. इतर कॉलेजांनी तो घ्यायला मला बोलावलंय, त्यामुळे पुढचे काही महिने घरी पाय ठरायचा नाही. आईला तेवढं तुझ्याकडेच राहू दे. सोबत कमरेचा पट्टा पाठवतोय, चांगल्यातला आहे.

आणखी एक : बळजबरी अजिबात नाही. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, मी तेच तर शिकवतो. फक्त आईसमोर तसं बोलू नकोस. तू आनंदाने हो म्हणालीस, असं मी तिला सांगून टाकलंय.