डावा सहाने जास्त

सर, तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. ठाकूरद्वारच्या तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. धंदा मात्र मी तोच करतो, लोकांच्या घरी होम थिएटर लावून देतो. पाचही स्पीकर सोफ्यावरून सारखे ऐकू आले पाहिजेत, हे तुम्हीच शिकवलंत. एकेका स्पीकरमधून तो नळाला पाणी येण्याआधीसारखा सूं आवाज सोडायचा, तुम्ही डोळे मिटून बसणार, बोट वर-खाली करणार आणि मी अँप्लिफायरची बटणं फिरवणार. तुमच्या कानापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मी आवाज मोजायचं मीटर विकत आणलं तेव्हा तुम्ही हसलात. "घे रे. तापाला थर्मामीटर असतो, तसं."

दादरच्या डॉक्टरांचं घर तुम्ही विसरला नसाल. तुमचं लावून झालं होतं, डॉक्टर खूश होते आणि मी मीटर काढून सोफ्यावर कानाच्या उंचीला धरलं. "सर, डावा सहा डेसिबलने जास्त आहे." डॉक्टर माझ्याकडे बघतात, मग तुमच्याकडे. तुम्ही मीटर हातात घेता, आकडा बघता, परत देता. "मशीन बरोबर आहे. त्याच्या आकड्यावर लाव." जिना उतरताना मधेच थांबलात. "इथे जिन्यात सांगितलं असतंस, तर काहीतरी राहिलं म्हणून परत वर गेलो असतो रे." त्यानंतर तुम्ही गिऱ्हाइकाकडे कधी आला नाहीत, दुकानात बसून सोल्डरिंग करत राहिलात. आणि त्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत माझं मीटर पाटावर मधोमध ठेवलंत, पहिलं कुंकू त्यालाच लावलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माझी मुलगी माझ्याबरोबर कामाला येते. मागच्या आठवड्यात लालबागच्या एका टॉवरमध्ये होतो. तुमच्या सवयीने मी आधी कानाने लावलं, मग तिने मीटर धरलं. तेच मीटर, बटणाच्या खाचेत अजून कुंकू आहे. ती आकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"काय आलं?"

"सगळं सेम आहे. बाबा, गाडी गेटसमोर आहे, वॉचमन ओरडेल. तुम्ही व्हा पुढे, मी वायरी आवरते."

लिफ्टपाशी आलो तर चष्मा आतच राहिलेला. परत फिरलो. दार उघडंच होतं. ती अँपसमोर वाकून उजवा स्पीकर खाली आणत होती. पाच वेळा बटण दाबलं तिने. तेवढ्यात घरच्या बाई चहा घेऊन आल्या, सोफ्यावर बसून ऐकलं. "तुमच्या बाबांचा कान कसला तयार आहे गं!" मुलगी म्हणाली, "हो ना." मी चष्मा न घेताच खाली गेलो.

घाबरलोय, सर. ज्या कानावर पोट भरलं तोच चाललाय. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ती अशी फिरून आली. पण त्याहून जास्त लागतं ते हे की, माझ्या मुलीला ही रीत मी शिकवलेली नाही. दारात उभा होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्रही तुमच्या घरी नेऊन देणार नाही, तुमच्या मुलाने पुढचं वाचू नये म्हणून.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो की त्या दिवशी आकडा तोंडातून निसटला. पंचविशीतला दीडशहाणा होतो, अक्कल नव्हती. खरं नाही ते. तुम्ही चहावाल्याला उजवीकडे ये म्हणायला लागला होतात, ते मी कधीपासून बघत होतो. त्याआधी दोन घरी मी तुमच्या पाठीमागे मीटर लावून पाहिलं होतं. दोन्हीकडे डावाच जास्त होता. तिथे बोललो नाही, कारण ती गिऱ्हाइकं लहान होती. डॉक्टरांनी पुढच्या वेळी तुम्हाला नाही, मला बोलवावं, म्हणून मी त्यांच्या घरापर्यंत थांबलो होतो.