यादीतला चोर

प्रिय ताई,

गेल्या महिन्यात तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी ‘हो’, ‘बरं’, ‘बघू’ याच्या पुढे गेलो नाही. चिडली असशील. आजकाल मी सगळ्यांशीच असा बोलतो, तुझ्यावर काही खास मेहरबानी नाही. फोनवर जमत नाही म्हणून लिहायला बसलोय. दुपार आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. समोर खारूसाठी जोडलेला कॉम्प्युटर चालू आहे आणि त्याच्या पंख्याचा बारीक आवाज येतोय. तो जोडताना जे झालं तेच तुला सांगायचं आहे.

ही जाऊन सात महिने झाले. लोक विचारतात, कसे आहात. बरा आहे म्हणतो, आणि ते खोटंही नाही. जेवतो, झोपतो, दुकान वेळेवर उघडतो. सुरुवातीला रडू येईल म्हणून वाट बघितली, ते आलं नाही, मग वाट बघणंही सुटलं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं आहे. फक्त ती सुई तासाभरात उतरते. खारू सतरा वर्षांची, पण तीही घरात फारशी बोलत नाही. आम्ही बापलेक समोरासमोर बसून जेवतो, पाण्याचा जग इकडून तिकडे सरकवतो आणि उठतो.

बाबांची पद्धत तू विसरली नसशीलच. गिऱ्हाइकानं कॉम्प्युटर सांगितला की एकानं पार्टांची यादी करायची आणि दुसऱ्यानं तपासून खाली सही करायची. तपासणारा नुसती मान डोलावतोय की खरंच वाचतोय हे कळावं म्हणून यादी करणाऱ्यानं तिच्यात मुद्दाम एक न जुळणारा पार्ट घालायचा. त्याला आपण चोर म्हणायचो. चोर सापडला की तो खोडून बरोबर पार्ट लिहायचा आणि मगच माल मागवायचा. नाही सापडला तर यादी करणाऱ्यानं स्वतः दाखवायचा, आणि ज्याच्या नजरेतून सुटला त्यानं आठवडाभर दुकान झाडायचं. बाबांनी ही शिस्त लावली तेव्हा आपण दोघं पाठीमागे हसलो होतो. तुझे चोर म्हणजे महापाताळयंत्री. प्रोसेसरच्या डोक्यावरचा तो कूलर आठवतो? कॅबिनेटमध्ये मावेल त्यापेक्षा पाच मिलिमीटर उंच. सगळं जोडून झालं असतं आणि शेवटी बाजूचं झाकणच लागलं नसतं. मी आठवडाभर झाडू मारला आणि तू स्टुलावर बसून मला कोपरे दाखवलेस.

तुझी बदली झाली, तू गेलीस आणि तुझी जागा हिनं घेतली. हिला यातलं काय कळणार, असं मी तोंडावर म्हणालो होतो. हिनं शिवणकामाची टेप आणली, कॅबिनेट आतून मोजलं, ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरचा आकडा वाचला आणि कार्ड मावत नाही म्हणून माझी यादी परत केली. पुढच्या खेपेला सगळ्या पार्टांना लागणाऱ्या विजेची बोटांवर बेरीज करून पॉवर सप्लाय कमी पडतो हे सांगितलं. वर्षभरात मला चोर लपवायला जागा उरली नाही. खारू तेव्हा या टेबलाखाली खेळायची आणि सापडेल तो स्क्रू खारीसारखा खिशात साठवायची, त्यावरूनच तिचं नाव पडलं. खारू नऊ वर्षांची असताना ही तिला डोळे मिटायला लावून हातात रॅमची पट्टी द्यायची, आणि ती पट्टीच्या कडेवरची खाच बोटानं चाचपून ती कुठल्या पिढीची हे सांगायची. कधी चुकली नाही.

ही गेल्यावर याद्या मी एकटाच करतो. आपल्याच यादीत आपण चोर ठेवायचा आणि आपणच पकडायचा, हा वेडेपणा कोण करणार. तपासणं बंद झालं. काही अडलं नाही म्हणून बरंही वाटलं.

खारूला इमारतींचे आराखडे काढायचं शिकायचंय, प्रवेश मिळालाय. त्याला दमदार कॉम्प्युटर लागतो. यादी मीच करतो असं तिला सांगितलं आणि दोन महिने केली नाही. कागद काढायचो, ‘प्रोसेसर’ एवढं लिहायचो आणि पुढचं सुचायचं नाही. हा झोपेतही यादी करील असं तू ज्याच्याबद्दल सगळ्यांना सांगायचीस, त्या माझी ही गत. वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस उरले तेव्हा तिनंच यादी केली आणि जेवण झाल्यावर माझ्यापुढे ठेवली. अगदी आपल्या पद्धतीनं लिहिलेली, एकाखाली एक, शेवटी सहीसाठी रेघ मारलेली. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. वाचली का, असं तिनं विचारलं. वाचली म्हणालो. ती अजून थोडा वेळ तिथंच उभी होती, मग कागद घडी करून घेऊन गेली.

माल गुरुवारी आला. दुपारी आम्ही दोघं टेबलाशी बसलो. तिनं मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, कूलर घट्ट केला. हात हिच्यासारखेच चालतात तिचे, घाई नाही, थांबणं नाही. मग तिनं रॅमची पट्टी घेतली, खोबणीवर धरली आणि माझ्याकडे बघितलं. पट्टी बसत नव्हती. मी म्हणालो, उलटी धर. तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, ताई, आणि मी पोरीला म्हणालो, उलटी धर. तिनं उलटी धरून दाखवली. तशीही बसली नाही. मग तिनं ती पट्टी हलकेच खोक्यावर ठेवली, हात धुतले आणि घरी गेली.

मी पुरवठादाराला फोन लावून त्याच्यावर आवाज चढवला. चुकीचा माल पाठवता, एवढं साधं कळत नाही, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे मला माझीच यादी वाचून दाखवली. बोर्ड नव्या पिढीचा, रॅम जुन्या पिढीची, खाली सही माझी. फोन ठेवला तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मुलीची चूक झाली, वय लहान आहे, एवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडताना लख्ख कळलं. डोळे मिटून रॅम ओळखणारी पोर यादीत अशी चूक करत नाही. आणि हा चोर लपवलेलाही नव्हता, तिनं तो दारात उभा केला होता, बापाची नजर पडावी म्हणून. मी सही केल्यावर पद्धतीप्रमाणे तिनं तो दाखवायला हवा होता. तिनं दाखवला नाही, तसाच मागवला. निदान बसवताना तरी बापाच्या लक्षात येईल, असं तिला वाटलं असणार. तेव्हा मी तिला ती उलटी धरायला लावली.

इथं मला फार वाईट वाटलं असं लिहायला हवं. तसं झालं नाही. मी शटरला हात लावून बराच वेळ उभा होतो आणि आत काहीच हललं नाही. त्याची मात्र भीती वाटली. सात महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट. मी रॅम बदलून आणली, राहिलेलं सगळं जोडलं, पहिल्या झटक्यात चालू झालं. खारूला बोलावून दाखवलं. छान झालाय, म्हणाली. मी तिला त्या चोराबद्दल काही बोललो नाही, तीही बोलली नाही, आणि मला वाटलं विषय मिटला. ती अजून त्या कॉम्प्युटरसमोर बसलेली नाही.

त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, आत्याच्या गावीही हाच अभ्यासक्रम आहे, तिथंही प्रवेश मिळतोय, तिच्याकडे कायमची राहायला जाऊ का. तुझ्याशी ती आधीच बोलली होती आणि तू त्यासाठीच मला फोन करत होतीस, हे मला नंतर कळलं. मी पेपरातून मान वर न करता बरं म्हणालो. आता तिची बॅग दाराशी आहे, गाडी रविवारची. ताई, मला ती इथं हवी आहे. ती गेली तर या घरात मी कशासाठी परत यायचं हे मला माहीत नाही. चार दिवस हेच तिला सांगायला तिच्या खोलीपर्यंत जातोय आणि काही लागलं तर सांग, एवढंच बोलून परत येतोय. हे पत्र टपालात टाकायला मी तिच्याच हातात देणार आहे. पाकिटावर पत्ता तुझा आहे, पण ते मी चिकटवलेलं नाही, आणि उघडं पाकीट खारूच्या हातात न वाचता राहत नाही, यावरून हिनं तिला कितीदा दटावलंय. तेव्हा हे पत्र तुला मिळालं, तर रविवारी तिला उतरवून घ्यायला जा, जड बॅग तिला उचलू देऊ नकोस. नाही मिळालं तर रागावू नकोस.

तुझाच,
धाकटा