कुठले मर्फी?

हॅमिल्टन,
१४ ऑक्टोबर २०१७

ती. राजारामदादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही मजेत आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथे ऋतू उलटे, ऑक्टोबरात वसंत सुरू झालाय, पण थंडी मुक्काम हलवायला तयार नाही.

या गावात मर्फी फार. नळ दुरुस्त करणारा मर्फी, औषधांचं दुकान मर्फीचं, बेकरी मर्फीची, आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारेही मर्फीच. आपल्याकडे कुलकर्णी असतात तसे. मी आपली प्रत्येकाला विचारते, "कुठले मर्फी?" बेकरीवाला म्हणाला, "हीप्स ऑफ अस, डिअर." म्हणजे ढिगाने आहेत.

तू म्हणशील, हिला ही उठाठेव कशाला? मला एका मर्फी घराण्याची चौकशी करायची होती. आपल्या रीतीप्रमाणे, बाहेरून, गुपचूप. औषधवाल्याने सांगितलं, आजोबा मेंढ्या चोरायचे, दोनदा तुरुंगात गेले. दोन दिवस मला घास गेला नाही. मग कळलं, ते त्याचे स्वतःचे आजोबा. मी मर्फींचे आजोबा विचारले, त्याने आपलेच सांगितले, तेही अभिमानाने.

मैत्रेयीला हे समजलं तेव्हा ती पोट धरून हसली. "आई, जस्ट आस्क हिज मम." मग सरळ त्यांच्या घरी गेले. आई शिक्षिका, वडील गुरांचे डॉक्टर. मुलगा शॉन, मैत्रेयीच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्या हातचं पिठलं मागून खातो.

होय दादा, तोच. तू आणलेल्या स्थळाला मैत्रेयीने नाही म्हटलं ते याच्यासाठी. मी तुला "तिला अजून शिकायचंय" असं सांगितलं. खरं काय ते तुला दुसऱ्याकडून कळलं, आणि वर्षभर तू माझा फोन उचलला नाहीस. चूक माझी होती. तुझ्या रागाला घाबरले मी, आणि व्हायचं ते झालंच.

लग्न सतरा फेब्रुवारीला आहे. शॉनच्या आईने आपल्या सगळ्या रीती विचारून वहीत लिहून घेतल्या. मुलीला मांडवात मामा घेऊन येतो म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "आमच्याकडे मामा पुष्कळ आहेत, एखादा घ्या."

मी म्हटलं, मर्फी ढिगाने असतील, हिला मामा एकच आहे.

मैत्रेयी म्हणते, मामा नाही आला तर मी एकटी चालत येईन. येईलही ती, हट्टी तुझ्यावरच गेली आहे. पण मला ते बघवणार नाही, दादा.

गावभरच्या मर्फींमध्ये तुझी एकुलती एक बहीण,
सुलेखा