उजव्या कानात चालणारा लूम

नाना, माझ्या डोक्याचं ऑपरेशन तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी झालं, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. मेंदूजवळची गाठ काढली, जखम भरली, मी पांडेसऱ्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर कामालाही जाऊ लागलो. वर्षभराने उजव्या कानात आवाज सुरू झाला. सुस्स, सुस्स, एका लयीत. मी कुणाला बोललो नाही. आपल्या घरात कान वाजणं हा कधी आजार होता का? सुट्टीच्या दिवशी नवागामच्या खोलीत तुम्ही जेवायला बसायचात आणि बोटं ताटावर ठकठक चालायची. आई वैतागली की म्हणायचात, "कारखाना बंद शे, पन कान चालूच शे." मला वाटलं, चला, नाक आईचं आलं, कान तरी तुमचे आले. तो आवाज मला आवडायलाच लागला.

पोरवयात तुमच्या हाताखाली लूमवर लागलो, त्या पहिल्या दिवशी मी कानात कापूस कोंबून आलो होतो. चारचौघांत तुम्ही तो उपसून काढलात. "आवाज बदलना की लूम बंद कर, मंग देख." तेव्हा फार राग आला होता. आता तुम्ही असतात तर दोन ठेवून दिल्या असत्यात, कारण आठ महिने मी नुसता ऐकत बसलो.

पकडलं तुमच्या सुनेने. डोक्याला तेल लावताना तिचा कान माझ्या कानामागे टेकला आणि ती थांबली. "हाऊ आवाज माले बी आयकू ई ऱ्हायना." मी म्हणतो, जुना आहे, लूमचा. "लूमना ऱ्हाता ते माले कसा आयकू येता?" बाई हुशार आहे. डॉक्टर म्हणाले, जुन्या ऑपरेशनच्या जागी एक धमनी थेट शिरेला जुळली आहे, तिथून रक्त जोरात धावतं, त्याचा हा आवाज. तसंच ठेवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जांघेतून बारीक नळी वर नेऊन ती वाट बुजवायची. मग आवाजही थांबेल, असं ते हसत म्हणाले.

मी दोनदा तारीख पुढे ढकलली. घरी सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. बायकोने ते थाप म्हणून ओळखलं, तिला वाटतं मी भितो. भितोच, लेक अजून शिकते आहे. उद्या सकाळी मात्र दाखल होतोय. हा कागद कुठे पाठवणार, म्हणून खरं कारण इथेच लिहितो. तुम्ही गेलात तेव्हा मी पाळीवर होतो, तुमचं शेवटचं बोलणं मला मिळालं नाही. इतके महिने कानात तुम्ही होतात असं मी धरून चाललो. उद्या ते बंद होईल, आणि नाना, मला ते व्हायला नको आहे.