समोरच्या बाईच्या शिदोरीतलं

कोइंब्रा, शुक्रवार

प्रिय ओतीलिया,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. आठ दिवस फोन बंद ठेवला, शेजारणीला सांगून ठेवलं की मी चर्चच्या बायकांबरोबर फातिमाच्या यात्रेला गेलेय. आणि तू विश्वास ठेवलास? मला चर्चच्या बायकांचा एवढा पुळका कधीपासून गं?

मी एकटी हिंडायला निघाले होते. तू त्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खाट धरून ठेवलीस, सोमवारपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय. गॅस चालू राहिला त्या दिवसापासून तू माझ्याकडे आईकडे बघायचीस तशी बघतेस. शेवटी मीच मनाशी ठरवलं. एक पिशवी, पेन्शनमधून उरतं तेवढ्यात आठ दिवस. धड निभावलं तर कोव्हिल्याँच्या माझ्या घरीच राहीन. नाहीतर मुकाट्याने येऊन पडेन तुझ्या त्या खाटेवर.

आणि काय मजा केली म्हणून सांगू! जलद गाडीच्या वाटेला गेलेच नाही. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी साधी गाडी, म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, आणि खिडकीला अगदी चिकटून तेझू नदी. तोमारला स्टेशनाजवळ एका विधवेच्या घरी खोली मिळाली, सकाळी तिच्याच झाडाच्या अंजिरांचा मुरंबा. जेवायला बाबांचा नियम पाळला. दारात टाय लावलेला माणूस दिसला की पुढे चालू लागायचं, आणि गवंडी नि पोस्टमन बसलेत तिथे शिरून आजचं ताट मागायचं. सूप, भाजलेला मासा, पेलाभर वाइन, वर कॉफी. मालक मुकाट्याने ऑलिव्ह आणि चीज पुढे सरकवून गेला, मीही मुकाट्याने परत सरकवलं. न मागितलेलं खाऊन बिलात लावून घ्यायला मी काय लिस्बनहून आलेय? तो हसला आणि म्हणाला, मावशी, तुम्हाला नाही फसवता येत. ओतीलिया, त्या एका वाक्याने दोन दिवस मी हवेत होते.

आणि मग कोइंब्राच्या गाडीत घात झाला. समोर एक जाडजूड बाई बसली होती, फेलिस्मीना नावाची. बारा वाजता तिने मांडीवर फडकं पसरलं, पाव काढला, खारवलेल्या माशाचे वडे काढले, आणि रीतीप्रमाणे मला विचारलं, घेणार का थोडं? आता यावर काय म्हणायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. होऊ द्या तुमचं, असं म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. विचारणारा खरंच विचारत नसतो. आणि मी म्हटलं, हो, घेते की.

तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला कळतंय. फुंदाँवचं स्टेशन. आईने त्या अनोळखी शिपायाची अख्खी शिदोरी संपवली होती, आणि आपण दोघी तोंडाला रुमाल लावून हसत होतो. सहा महिन्यांनी ती आपली नावं विसरली. त्यावर आपण कधी बोललो नाही, पण आपल्या दोघींच्या लेखी तीच पहिली खूण ठरली ना? एक घास घेऊन वडा मी परत फडक्यावर ठेवला. फेलिस्मीना घाबरलीच, म्हणाली, अहो खारट झालाय का? मी काहीबाही बोलले. त्यावर म्हणते कशी, चाळीस वर्षं या गाडीत सगळ्यांना विचारतेय, हो म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. आता निदान दोन तरी घ्या! मी दोन घेतले. चव काही कळली नाही.

आता खरं सांगते. कोइंब्रा माझ्या यादीत विद्यापीठ बघायला नव्हतं. इथल्या स्मृतीच्या डॉक्टरणीची वेळ मी चार महिन्यांपूर्वीच घेतली होती. दोन दिवस तपासलं त्यांनी मला. यंत्रात घातलं, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द देऊन अर्ध्या तासाने परत विचारले. पाचही सांगितले मी. शेवटी न राहवून त्या वड्याची गोष्टही सांगून टाकली, आईसकट. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, देओलिंदाबाई, नाही म्हणायचं असतं हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? मी उसळले. माहीत म्हणजे काय, पुरतं माहीत होतं! पण वड्यांचा वास असा सुटला होता, आणि मला सकाळपासून बोलायला कोणी नव्हतं! तर बाई हसल्या. म्हणाल्या, मग हा आजार नाही, ही भूक आहे. कागदावरही तेच आलं, आजाराचं काही नाही. बाहेर नदीकाठच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले, आणि मग उठून चक्क दोन केक खाल्ले.

हे एवढंच असतं तर घरी येऊन तोंडीच सांगितलं असतं. पण काल त्या आनंदात मी वृद्धाश्रमाला फोन केला की माझी खाट सोडा. तिथल्या मुलीने विचारलं, एकच सोडायची, की ओतीलियाबाईंचीही? ईस्टरला तुझ्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅस बंद कर. किल्ली खुंटीवर. बुधवारी देओलिंदा येणार. मला वाटलं, त्या माझ्यासाठी लावल्यास, म्हणून दिवसभर फुगून बसले होते मी. किती वेडी गं मी! लहानपणी डोहात आधी मी उतरायचे आणि खोली किती ते तुला ओरडून सांगायचे, आठवतं? आत्ताही मी आधी उतरून आलेय. याच डॉक्टरणीच्या हातापाया पडून येत्या गुरुवारी तुझी वेळ घेतलीय. काही निघालं नाही तर दोघी पुढे पोर्तोपर्यंत हिंडू. निघालंच, तर माझी मागची खोली आहे, तिला सकाळचं ऊन येतं. सोमवारी त्यांना कळव, दोन्ही खाटा नकोत. बुधवारी मी तुला घ्यायला ग्वार्दाच्या स्टेशनावर येते. आणि वडे मी करून आणणार आहे, समोर बसेल त्याला तू विचारायचंस.

तुझीच, आधी उतरणारी,
देओलिंदा